भिंत धरून की सोडून

रविवार, २ नोव्हेंबर

नवी वही. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक; तिथल्या जुन्या जर्नलांची कोरी पानं दरवर्षी रद्दीत जातात, ती शिवून केली. कारण लिहून ठेवतो. आमची करंदे बिल्डिंग पडून इथे बावीस मजले उभे राहतील, तेव्हा ते कसे उभे राहिले हे जो तो आपल्या सोयीने सांगेल. एकाने तरी तारीखवार लिहिलेलं असावं.

आज आमदार यशोधनभाऊ चाळीच्या चौकात आले. वेळ पाचची, आले पाच बावन्नला. आमच्या गच्चीवरून नायगावच्या बीडीडी चाळींच्या जागचे नवे टॉवर दिसतात, त्यामुळे "तिकडे होतं, मग आपलं का नाही" हा प्रश्न चाळीत सहा वर्षं मुक्कामाला आहे. उत्तर सोपं आहे. ती सरकारी, ही खासगी. खासगीत निम्म्याहून जास्त भाडेकरूंची संमती लागते. खोल्या चौऱ्याऐंशी. हव्यात त्रेचाळीस सह्या. झाल्यात एकतीस. पश्चिमेच्या गॅलरीला मात्र लाकडी टेकू लागून तीन वर्षं झाली.

भाऊ अठरा मिनिटं बोलले. मुंबई हे देशाचं इंजिन. इंजिनात राबणारा माणूस दहा बाय सोळाच्या खोलीत राहणार असेल तर देश पुढे जाणार कसा? ज्या शहराचा नेता ठाम, त्या शहराकडे उद्योग येतो, रस्ते येतात, घरं येतात. मी टिपून घेतलं.

मी कुणाचा भक्त नाही. जय भीम म्हणणारा माणूस आहे, माणसापेक्षा लिहिलेल्या शब्दाला मान देतो. पण हा मुद्दा खरा आहे. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचा नियम होता: मोकळी जागा, घरं आणि मालक. दोन हजार एक साली त्यात एवढंच आलं की वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे. शेडखालची जमीन त्यातून सुटली. परळ-लालबागमध्ये आज जे उभं आहे आणि जे उभं नाही, ते त्या एका शब्दातून उगवलंय. शहर नेता बांधत नाही, गवंडी बांधतो. पण रेघ कुठे ओढायची ते नेता ठरवतो. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलेलं नाही. दहावीनंतर जे शिकलो ते दादरच्या वाचनालयात उभ्याने.

भाषण संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरचा दत्ताराम उठला. मालवणचा, बासष्ट वर्षांचा, माझ्या वडिलांबरोबर गिरणीत बदलीवर होता.

"साहेब, इंजिन बरा आसा. पण माजा कपाट खंय लागतला ता सांगा."

सगळे हसले. भाऊही हसले. नव्या घराचा रंगीत कागद हातोहात फिरला, पण नकाशा वाचता येतो कुणाला? कुणी उलटा धरला होता.

मी उभा राहिलो. "घर मी चौकात आखून दाखवतो. खऱ्या मापाचं. पांढरी फक्की मारून. ज्याला जे लावायचं ते त्याने लावून बघावं."

भाऊंनी विचारलं, हे कोण? दत्ताराम म्हणाला, "आमचो पंच. तीस वर्षां कबड्डीची मैदानां आखता. एक इंच हलना नाय."

भाऊंनी माझा हात हातात घेतला. "पंचसाहेब, तुमच्यासारखी दहा माणसं असती तर ही मुंबई केव्हाच पुढे गेली असती."

घरी आल्यावर बायको, वैशाली, म्हणाली, "हात धुतलात का? अजून तसाच धरून बसलाय."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भाऊंचा सहायक विनीत मापांचा कागद घेऊन आला. गुळगुळीत, चार रंगांत. एकूण पंधरा बाय सत्तावीस, म्हणजे चारशे पाच चौरस फूट. गुणाकार करून बघितला, बरोबर आहे. संडास-बाथरूम एकत्र, पाच फूट बाय साडेसहा. दार अडीच फुटी.

विनीत तरुण आहे, नम्र आहे. म्हणाला, "सर, रेघा जरा बारीक मारा. व्हिडिओत क्लीन दिसतं."

मी म्हणालो, रेघ पाच सेंटिमीटर. नियम आहे.

"घराला कसला नियम?"

"आखणाऱ्याला असतो."

पद्धत लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल. कबड्डीत सीमारेषा मैदानातच धरतात. रेघेवर पाय पडला तर खेळाडू बाद नाही, रेघेपलीकडे पडला तर बाद. म्हणून टेप रेघेच्या बाहेरच्या कडेला लावायचा. आधी खिळे, मग सुतळी, मग कर्ण मोजून काटकोन तपासायचा, शेवटी फक्की. नव्वद टक्के पोरं कर्ण मोजत नाहीत. मैदान डोळ्याला चौकोनी दिसतं, पण असतं तिरकं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी सहा दहाला सुरुवात, आठ पन्नासला शेवटची रेघ. कर्णात फरक पाव इंच. नऊपासून चाळ घरात शिरली. शिरली म्हणजे दारातून शिरली! रेघ ओलांडून कुणी आलं की बायका ओरडायच्या, "ए, भिंत आहे तिथे, डोकं फुटेल." पोरं टिंगटाँग करून बेल वाजवत होती. दत्ताराम स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला आणि "अगो, चाय खंय आसा?" म्हणून हाका मारू लागला. तळमजल्यावरच्या आकांक्षाने पलंगाच्या मापाची चादर अंथरली, त्यावर नवऱ्याला झोपवलं, भोवती फिरून बघितलं आणि म्हणाली, "जागा उरते हो पंचकाका. ह्याच्याभोवती फिरायला जागा उरते!"

मग शैलावहिनी आल्या, पोरांनी खुर्चीसकट जिन्यावरून उतरवून आणल्या. दत्तारामची बायको. सहा वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, दोन पायऱ्या वर. दत्ताराम त्यांना उचलून नेतो. आता त्याचेही गुडघे गेलेत. वहिनींची जीभ मात्र धडधाकट.

त्यांनी खुर्ची स्वतः ढकलली. दारातून बाथरूममध्ये गेल्या. थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, "बाथरूमात बाय आसा. तोंडां फिरवा सगळ्यांनी!"

साठ-सत्तर माणसं हसत हसत पाठमोरी झाली. मी पंच, मी फिरलो नाही. मी रेघ बघत होतो. त्यांनी डावं चाक धरलं, उजवं फिरवलं. खुर्ची पूर्ण वळली. पाय ठेवायची पट्टी रेघेवर आली, पण रेघ आत धरतो आपण, म्हणजे चाललं. वळून त्या दाराकडे तोंड करून बसल्या. मग दत्तारामला म्हणाल्या, "आण तो कागद. खंय सही करूची?"

संध्याकाळपर्यंत नव्या सत्तावीस सह्या. एकूण अठ्ठावन्न.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेनंतर उल्लेख केला. भाऊंचा फोन आला, भूमिपूजन तीस तारखेला. पालिकेची निवडणूक कधीही लागेल, आचारसंहितेआधी व्हायला हवं.

मुलगी संघमित्रा विमा कंपनीत आहे, करार वाचायचंच काम. तिने व्हिडिओ दोनदा बघितला. "पप्पा, यात तुमचं नाव नाहीये."

मी म्हणालो, काम दिसतंय ना.

"आणि ते माप आलं कुठून? मंजूर नकाशा बघितला का तुम्ही?"

आमदाराच्या कचेरीतून आलेला कागद आहे, म्हणालो. हल्लीच्या मुलांना कशावरच विश्वास ठेवता येत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजच लिहितो.

प्रयोगशाळेत मधोमध भिंत घालायची आहे, अर्ध्यात संगणक बसवणार. खोली चाळीस फूट. मी वीस-वीसवर रेघ मारून दिली. शिवा गवंडी आला, विटा रचायला बसला, आणि तसाच बसून राहिला.

"सर, भिंत रेघेच्या कुठल्या बाजूला?"

"रेघेवर."

"तुमची रेघ दोन इंच. वीट साडेचार, दोन्हीकडून गिलावा. सहा धरा. हे सहा कुणाच्या खोलीतून खाऊ?"

मी म्हणालो, दोन्हीकडून तीन-तीन.

"म्हणजे खोली वीस फूट नाही ना राहिली. पावणेवीस." आणि हसून म्हणाला, "कागदावर काय, भिंतीला पोट नसतं."

मी तिथेच स्टुलावर बसलो. शिवाने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

कबड्डीत रेघ मैदानात धरतात. मी घर तसंच आखलं. पण रेघेवर पाय ठेवता येतो. भिंतीवर ठेवता येत नाही. तीस वर्षांची सवय, आणि मी तिला अचूकपणा समजत होतो.

आता सगळा प्रश्न एवढाच, की त्या कागदावरची मापं भिंत धरून होती की सोडून.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून भाऊंच्या कचेरीत गेलो. विनीत म्हणाला, सर, नकाशा टेक्निकल असतो, तुम्हाला नाही कळायचा. मी म्हणालो, न कळणाऱ्या गोष्टी वाचूनच इथवर आलोय. एक तास दहा मिनिटं बसलो. शेवटी त्याने उलगडला.

मापांचे बाण भिंतीच्या मध्यापर्यंत जातात. सगळीकडे. पाच फुटांचं बाथरूम आतून साडेचार. अडीच फुटी दारातून चौकट वजा केली तर सव्वीस इंचही उरत नाहीत, आणि उघडलेल्या दाराची फळी त्यातलाही इंच-दीड इंच खाते. वहिनींची खुर्ची पंचवीस इंच. चारशे पाचातले छत्तीस फूट भिंतींच्या पोटात जातात. आमच्या आताच्या खोलीचा जवळजवळ पाव हिस्सा.

विनीत म्हणाला, "सगळीकडे असंच असतं. कुणी विचारत नाही."

इतक्यात भाऊ बाहेर निघाले. मी उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "पंचसाहेब, तुमचं निरीक्षण अफाट आहे. भूमिपूजन होऊ दे, मग बसू आपण. चार-सहा इंचांसाठी इंजिन थांबवता येत नाही. आणि हो, वॉर्डात सल्लागार समिती करतोय, तुमचं नाव पहिलं टाकलंय."

त्यांना घाई होती. मुद्दा नीट पोचला नसावा. नाहीतर असा माणूस असं म्हणणार नाही.

सल्लागार समिती. वाचनालयात उभ्याने वाचलेलं सगळं तिथे टेबलाशी बसून मांडता येईल. खोटं लिहीत नाही, परतीच्या वाटेवर हिंदमाताच्या पुलाखाली येईपर्यंत माझ्या डोक्यात बाथरूम नव्हतं, समितीच होती.

बुधवार, २६ नोव्हेंबर

शाळेत संविधान दिन. मुलांकडून उद्देशिका वाचून घेतली. "आम्ही भारताचे लोक" म्हणताना एक मुलगा माझ्याकडेच बघत होता असं वाटलं. बघत नसणार.

दोन्ही बाजू लिहितो.

न बोलण्याच्या बाजूने: गॅलरी टेकूवर आहे. आता हे मोडलं तर पुन्हा सहा वर्षं. तोवर कुणाच्या तरी अंगावर ती येईल. छत्तीस फूट कमी असले तरी घर दुपटीहून मोठंच आहे. भाऊ नंतर बसू म्हणालेत.

बोलण्याच्या बाजूने: सत्तावीस सह्या नकाशावर झाल्या नाहीत, माझ्या फक्कीवर झाल्या.

आणखी एक आहे, ते लिहायला लाज वाटते. तीस वर्षांत मी दिलेला निर्णय मागे घेतलेला नाही. पंचाचा निर्णय अंतिम. एकदा चुकीचा दिला होता, प्रभादेवीला, उपांत्य सामन्यात. दोन मिनिटांनी मला कळलं होतं. तरी मागे घेतला नाही. तो संघ हरला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वैशालीला सगळं सांगितलं, प्रभादेवीसकट. ती मेथी निवडत होती.

"मग यात विचार कसला करताय? रेघ तुम्ही मारलीत."

"चाळ काय म्हणेल?"

"शिव्या घालेल. आणि उद्या वहिनी त्या दारात अडकतील तेव्हा काय टाळ्या वाजवणारे?"

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आधी दत्तारामकडे गेलो. ज्यांचं सगळ्यात जास्त जाणार, त्यांना आधी.

सगळं सांगितलं. आकड्यांसहित. दत्तारामने टीव्ही बंद केला.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तू माका नसलेल्या घरात फिरवलंस?"

"हो."

"आणि मी सगळ्यांदेखत नाचलंय थंय."

दत्ताराम उठून दारात उभा राहिला, म्हणजे मी जावं. "तुज्यापेक्षा तो आमदार बरो," म्हणाला. "तो फसवता ता ठाऊक तरी असता. तुका आमी पंच म्हणत होतो रे."

जिना उतरताना टेकूला हात लावून थांबलो होतो. किती वेळ ते मोजलं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

पहाटे शिवा हातगाडीवर एकशे साठ विटा घेऊन आला. शाळेतल्या कामाच्या, उद्या मोजून परत द्यायच्या. भूमिपूजनाचा मांडव चौकाच्या पूर्वेला. मी पश्चिमेला बाथरूम मांडलं. विटांचे दोन थर, दोन्ही बाजूंना गिलाव्याची जागा धरून, मंजूर नकाशाबरहुकूम. दाराच्या जागी शिवाने खरीच जुनी चौकट उभी केली.

विनीत धावत आला. "सर, आज नको. प्लीज. मीडिया येतेय."

"म्हणूनच आज."

"तुमचं नाव समितीत आहे, सर."

"काढायला लाव."

सोपं वाटलं नाही हे म्हणताना. वाटलं असं लिहिणार नाही.

अकरा वीसला भाऊ आले. ताशा सुरू झाला. मी काय बोलतोय ते कुणाला ऐकूच येईना. मग खिशातली शिट्टी काढली आणि वाजवली. लांब, सामना थांबवायची. ताशावाले लालबागचेच, कबड्डी बघत मोठे झालेले. थांबले.

म्हणालो, "नऊ तारखेला मी जे घर आखलं ते चुकीचं होतं. भिंतीची जाडी मी धरली नाही. चूक माझी. निर्णय मागे घेतो. खरं बाथरूम हे आहे."

पुढचं ठरवलेलं नव्हतं. गर्दीतून वहिनींची खुर्ची आली. मागे दत्ताराम नव्हता, स्वतः ढकलत होत्या. मी म्हणालो, वहिनी, राहू दे.

"सरक. तुज्या विटांक भियातंय काय?"

चौकटीत पुढची चाकं गेली. मग हातांची बोटं आणि चौकट यांच्यामध्ये जागा राहिली नाही. त्यांनी हात काढले, आणि खुर्ची तिथेच राहिली. पुढे नाही, मागे नाही. तीन कॅमेरे होते. कुणी हसलं नाही. आकांक्षा पुढे झाली आणि तिने खुर्ची मागे ओढली.

गलका झाला. "चोर" हा शब्द मी चार वेळा ऐकला. दोनदा तो मला होता.

भाऊंनी माईक घेतला. आणि खरोखर, असा माणूस मी बघितला नाही. एका श्वासात म्हणाले, "ही माझी जागरूक जनता! मीच पंचसाहेबांना सांगितलं होतं, लोकांना खरं ते दाखवा. बिल्डर कितीही मोठा असो, माझ्या माणसाला आतून मोजून, भिंती सोडून घर मिळेल. हा माझा शब्द आहे."

टाळ्या पडल्या. मला तसं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. गडबडीत त्यांचा काहीतरी घोळ झाला असावा.

संघमित्रा माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, टाळ्यांवर जाऊ नका. कागद." तिने रात्रीच टाइप करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला होता. तीन ओळी: कार्पेट, म्हणजे वापरायची जागा, आतून, सर्व भिंती सोडून, चारशे पाच चौरस फूट. बाथरूम आतून पाच फूट, दार उघडल्यावर मोकळी वाट तीन फूट. हे करारात येईपर्यंत आमच्या संमत्या स्थगित.

मी तो माईकसमोर धरला. "भाऊ, शब्द दिलात, उपकार झाले. खाली सही द्या."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. हसू तसंच होतं, पण डोळे मोजत होते. मला ते डोळे ओळखीचे वाटले. चढाईला आलेला खेळाडू असा बघतो. मग त्यांनी पेन मागितलं.

त्याखाली एकसष्ट भाडेकरूंच्या सह्या झाल्या. दत्तारामची नाही.

नारळ फुटला, कुदळ मारली, फोटो निघाले. संमत्या मात्र आता जवळजवळ शून्य. आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर आहोत, आणि तिथे चाळीला मी आणलंय. रात्री कुणीतरी गॅलरीतून ओरडलं, "पंच, आता टेकू धरायला तूच उभा राहा!"

शनिवार, ६ डिसेंबर

चैत्यभूमी. सकाळी सहापासून पाण्याच्या स्टॉलवर. दरवर्षी दत्ताराम दोन पिंपं स्वतः भरून पोचवतो, "बाबासाहेब काय तुमचे एकट्याचे?" म्हणतो. या वर्षी पिंपं आली. तो आला नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

चाळीच्या तोंडाशी मोठा फलक लागलाय. "शब्द दिला, शब्द पाळला." भाऊ, आणि त्यांच्या मागे आमचं विटांचं बाथरूम. विटा मस्त आल्यात. मी नाही. समितीची यादी जाहीर झाली, त्यातही नाही.

वाईट वाटलं नाही, असं लिहून खोडलं. वाटलं.

पण एक गोष्ट नोंदवतो. बिल्डरच्या आर्किटेक्टने सुधारित नकाशा आणि कराराचा मसुदा पाठवला आहे, भाऊंच्या कचेरीतून दोनदा फोन गेल्यावर. म्हणजे तोच नेता, तेच इंजिन. फक्त या वेळी रेघ कुठे ओढायची ते आम्ही दाखवलं. मला वाटत होतं, शहर घडतं ते वरून. अर्धंच कळलं होतं. वरून जोर येतो. तो जोर कुठे लागावा हे सांगायला खाली कुणीतरी टेप घेऊन उभं लागतं, आणि त्याचा टेप तरी बरोबर असावा लागतो.

रविवार, १४ डिसेंबर

आज दुपारी तीनला दारात दत्ताराम. सोळा दिवसांनी. हातात मसुदा.

"ह्यातला काय कळणा नाय. वर चल. वाचून दाखव. तिका."

वैशालीने मला ढकललंच.

वहिनी खिडकीशी. पुढ्यात स्टूल, त्यावर पेन. मी बसलो आणि पहिल्या पानापासून वाचू लागलो. पहिला आकडा आला, चौदा फूट.

"भिंत धरून की सोडून?" वहिनींनी विचारलं.

"सोडून. इथे लिहिलंय, आतील अंतर."

"फुडे."

दहा फूट सहा इंच. "धरून की सोडून?" सोडून. "फुडे." दत्तारामने मधेच चहा ठेवला, माझ्यासमोर, बशीशिवाय. आपल्या माणसाला देतो तसा. बाथरूम आलं. पाच फूट, आतून. वहिनींनी तो आकडा स्वतः बोट ठेवून बघितला. दार, मोकळी वाट तीन फूट. तेही बघितलं. मला वाटलं, आता सही.

"फुडे."

सत्तावीस आकडे झाले. अठ्ठाविसावा बाथरूमच्या दारातला उंबरठा. पंचवीस मिलिमीटर.

"म्हणजे किती?"

"एक इंच."

"एक इंच चढून खुर्ची आत जातली?"

मी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. विटांचं बाथरूम मांडलं तेव्हा उंबरठा मांडलाच नव्हता. खुर्चीची पुढची चाकं लहान आहेत. जाईल असं वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. चष्मा पुसला. दत्ताराम बघत होता, वहिनी बघत होत्या, आणि माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं, नेहमी असतं तसं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या शर्टाच्या खिशात अडकवलं.

"मगे बघून ये. मी खंय पळान जातंय?"